विंचवाचे बिऱ्हाड देवांच्या खोऱ्यात

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपण सगळेच लहानपणी पाठ करतो. पण तो बिचारा विंचू पाठीवरून काय काय वाहून नेत असेल, याचा विचार मराठीचा प्राध्यापक असूनही मी कधी केला नव्हता. तो प्रसंग आला दोन वर्षांमागे, आश्विन महिन्यात, अमेरिकेतल्या युटा राज्यात. आणि आला तोही संडासाच्या टाकीच्या निमित्ताने.

माझा भाचा ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरी असतो. माझी थोरली बहीण, आमची अक्का, त्याच्याकडे सहा महिन्यांसाठी गेली होती. सुट्टीला थोडी रजा जोडून मी आणि आमच्या सौभाग्यवतीही तिकडे जाऊन थडकलो. भाच्याने एक जुनी घरमोटार विकत घेतली होती. घरमोटार हा शब्द माझा. तिकडे तिला आर. व्ही. म्हणतात. पुढे मोटार, मागे घर. सहा माणसांची निजण्याची सोय, गॅसची शेगडी, फ्रिज, मोरी, संडास, सगळे पंचवीस फुटांत. ज्यांचे बालपण चाळीतल्या एका खोलीत गेले त्यांना याचे नवल वाटू नये. फक्त ही खोली चालते, एवढाच फरक.

बेत ठरला तो युटातल्या लाल दगडांच्या दऱ्याखोऱ्यांचा. कोलोरॅडो नदीने आणि तिच्या उपनद्यांनी लाखो वर्षे खरवडून काढलेला तो मुलूख. आणि बेत ठरताक्षणीच घरात दोन पक्ष पडले. जायचे सगळ्यांनाच होते. प्रश्न होता, रात्री गाडी उभी कुठे करायची?

एक पक्ष आर. व्ही. पार्कचा. पार्क म्हणजे धर्मशाळाच म्हणा, त्यातला धर्म तेवढा वजा करून. प्रत्येक गाडीला आखलेली जागा, शेजारी खांबावर तीस किंवा पन्नास अँपियरची वीज, पाण्याचा नळ, आणि जमिनीत सांडपाण्याचे तोंड. गरम पाण्याची न्हाणीघरे, कपडे धुण्याची यंत्रे. मोआब गावात आम्ही रात्रीला ऐंशी डॉलर मोजले. एवढ्या पैशांत आपल्याकडे एखादे कुटुंब दोन दिवस कोकणात राहून, मासे खाऊन परत येईल.

दुसरा पक्ष माळावरच्या मुक्कामाचा. त्याला तिकडे डिस्पर्स्ड कँपिंग म्हणतात, मी माळमुक्काम म्हणतो. तो फुकट कसा, हे समजायला आपल्या गावाकडचे गायरान आठवावे. युटा राज्याची सुमारे दोन तृतीयांश जमीन केंद्र सरकारच्या मालकीची आहे आणि तिच्यातली बरीचशी ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या खात्याकडे आहे. १९४६ साली हे खाते निघाले तेव्हा गुराख्यांची चराई हेच तिथले मोठे प्रकरण होते. त्या गायरानावर, मनाई नसेल तिथे, कोणीही येऊन राहावे. भाडे नाही, नोंदणी नाही. साधारणपणे अठ्ठावीस दिवसांत चौदा दिवसांहून अधिक एका जागी राहू नये, एवढीच मर्यादा. आणि तिथे पोहोचवणारे कच्चे रस्ते कोणी पाडले? पुष्कळसे रस्ते १९५० नंतरच्या दशकात युरेनियम शोधणाऱ्यांनी पाडले! १९५२ साली चार्ली स्टीन नावाच्या भूशास्त्रज्ञाला मोआबच्या दक्षिणेस युरेनियमचे घबाड सापडले आणि सारा मुलूख खणत्या घेऊन तिकडे धावला. अणुबाँबसाठी पाडलेल्या वाटांवरून आज लोक तारे पाहायला जातात.

भाचा आणि त्याची नऊ वर्षांची मुलगी माळाच्या बाजूचे. सूनबाई, आमच्या सौभाग्यवती आणि मी पार्काच्या बाजूचे. कारण सरळ होते. अक्का एकाहत्तर वर्षांची. झोपेत तिचा श्वास मधूनच थांबतो, म्हणून रात्री नाकावर मुखवटा चढवून, हवा पुरवणारे यंत्र लावून ती निजते. यंत्र विजेवर चालते. माळावर खांब नाही, फोनला रेंज नाही, डॉक्टर नाही. मी म्हटले, “विषय संपला.”

“संपला कसा?” अक्का म्हणाली. “चार महिने झाले मला फिनिक्सला येऊन. एक धड चांदणी पाहिली नाही. गावाकडं आपण अंगणात निजायचो, आठवतं का तुला? मला एक रात्र तसं निजायचंय. पुन्हा माझं इकडं येणं होईल की नाही, देव जाणे.”

यावर धाकट्या भावाने काय बोलावे? शेवटी तडजोड झाली. आधी तीन रात्री मोआबच्या पार्कात, मग परतताना एक रात्र माळावर. आज मागे वळून पाहताना वाटते, तडजोड म्हणून जे केले तोच शहाणपणाचा क्रम होता. पाठीवरचे बिऱ्हाड काय चीज आहे ते नळाशेजारी उभे राहून शिकावे, मग नळ सोडावा.

पार्कातली पहिली सकाळ. भाचा म्हणाला, “मामा, जरा हात लावता का?” घरमोटारीच्या पोटात तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची. एक मोरीच्या पाण्याची, तिला करडी म्हणतात. आणि तिसरी काळी, तिचे वर्णन करीत नाही. रिकामी करताना आधी काळी, मग करडी, म्हणजे करड्या पाण्याने नळी धुऊन निघते. आम्ही उलटे केले. पुढचा अर्धा तास मामा आणि भाचा या पवित्र नात्याची कसोटी लागली. शेजारच्या गाडीतले म्हातारे गृहस्थ हे सारे पाहत होते. ते आणि त्यांची पत्नी घर विकून गेली सहा वर्षे गाडीतच राहत होते. त्यांनी नळी धुवायला मदत केली, वर पितळेचा एक छोटा दाबनियामक दिला. नळाच्या पाण्याचा जोर जास्त असला तर गाडीतली नळी फुटते, तो जोर या तुकड्याने आवरतो. माळावर असा शेजारी नसतो. पार्काच्या ऐंशी डॉलरांत त्याचीही किंमत धरावी.

आता तिथली गैरसोय सांगतो. शेजाऱ्याची खिडकी आमच्या खिडकीपासून दहा पावलांवर. रात्री दहानंतर शांतता पाळायची हा नियम, आणि तो पाळलाही जातो. पण दिव्यांना तो नियम नाही. आकाश तिथेही फिकटच. मोआब पाच हजार वस्तीचे गाव, आणि शेजारचे आर्चेस राष्ट्रीय उद्यान पाहायला २०२१ साली अठरा लाखांवर माणसे आली. दगडाच्या कमानी अद्भुत आहेत, याबद्दल वाद नाही. पण रात्री अक्का दारात उभी राहून वर पाही आणि काही न बोलता आत येई.

या दोहोंच्या मधलाही एक मार्ग आहे, तो पुष्कळांना ठाऊक नसतो. मोआबपासून कोलोरॅडोच्या काठाने जो रस्ता जातो, त्याच्या कडेला सरकारी खात्याचे साधे तळ आहेत. संडास आहे, सपाट जागा आहे, शेजारी नदी आहे. वीज नाही, नळ नाही. भाडे पार्काच्या मानाने थोडके. नदीकाठी आता अशा नेमलेल्या जागांवरच उतरावे लागते. गर्दीने माळाची जी दशा केली तिचा हा परिणाम.

ती दशा कशी होते, हे तिथल्या मातीकडे पाहिले की कळते. झुडपांच्या मधल्या जागेत काळपट, खडबडीत पापुद्रा दिसतो. वाटते, करपलेली माती. ती जिवंत असते. सूक्ष्म जीवाणू, शेवाळे आणि आपल्या गोड्या मसाल्यात पडते त्या दगडफुलाची भावंडे, यांनी मिळून ती वाळू शिवून धरलेली असते. एक पाऊल पडले की शिवण उसवते. पुन्हा धरायला कित्येक वर्षे, कधी कित्येक दशके लागतात. म्हणून गाडी पूर्वी कोणीतरी उभी केलेल्या जागीच उभी करायची, नवी जागा पाडायची नाही. मलमूत्राचेही तसेच. आपल्याकडे मातीत पुरले की पावसाळ्यात तिची माती होते. त्या कोरड्या वाळूत ते लवकर कुजतच नाही. तेव्हा टाकी नसेल त्याने खास पिशवीत भरून सोबत परत न्यायचे. सौभाग्यवतींनी हे ऐकले आणि त्या दिवशी जेवणाकडे त्यांचे लक्ष लागले नाही.

पाण्याचा हिशेब आणखी कठोर. पिण्यालाच माणशी दिवसाला चार लिटर धरावे लागतात. आमची टाकी दीडशे लिटरची. ऐकायला भरपूर वाटते. पण सहाजणांनी शहरी सवयीने अंघोळी काढल्या तर ती संध्याकाळपर्यंत टिकत नाही. आम्ही मोआबला शेवटच्या सकाळी सगळ्यांना डोक्यावरून न्हायला लावले, काठोकाठ टाकी भरली, इतर दोन्ही रिकाम्या केल्या (या खेपेस आधी काळी), आणि दक्षिणेची वाट धरली.

आमचा माळ म्हणजे ब्लफ गावापलीकडचे व्हॅली ऑफ द गॉड्स, देवांचे खोरे. मोआबहून शंभर-सव्वाशे मैल. सतरा मैलांचा कच्चा रस्ता, दोहों अंगांना लाल दगडाचे सुळके, आणि वस्ती जवळजवळ नाही. इथे भाड्याची घरमोटार घेणाऱ्या वाचकांना एक सूचना करतो. मुलाकडे अमेरिकेस जाणारे पुष्कळजण अशी गाडी घेतात. करारपत्र वाचा, बहुतेक ठिकाणी कच्च्या रस्त्याची मनाई असते, आणि मोडतोड झाली तर भुर्दंड आपल्यावर. शिवाय शेजारचा नवाहो लोकांचा मुलूख हे सरकारी गायरान नव्हे. ते त्यांचे घर आहे. तिथे परवान्याशिवाय मुक्काम करता येत नाही.

खोऱ्याचा रस्ता कित्येक ठिकाणी कोरड्या ओढ्यांच्या पात्रातून जातो. आधी ब्लफला थांबून भाच्याने हवामानाचा अंदाज पाहिला, तो नुसता खोऱ्याचा नव्हे, भोवतालच्या डोंगरांचाही. १९९७ च्या ऑगस्टात ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यनमध्ये अकरा प्रवासी लोंढ्यात सापडून मेले. पाऊस पडला होता मैलोगणती दूर. दगडी मुलखात पाणी मुरत नाही, धावते. म्हणून पात्रातली सपाट, मऊ वाळू कितीही मोहक दिसली तरी तिथे गाडी लावायची नाही. ढग असते तर आम्ही आल्या वाटेने परत फिरणार होतो. तसे अक्काला आधीच बजावून ठेवले होते. ढग नव्हते.

यंत्राचा हिशेब मी स्वतः तीनदा केला. ते तीसेक वॅट वीज घेते. आठ तासांचे दोनशे चाळीस. भाच्याकडे पाचशेची विजेची पेटी होती, तिच्यावर फक्त अक्काचे यंत्र. हवेला ओलावा देणारी सोय बंद ठेवायची, कारण जास्त वीज तीच खाते. इस्पितळ ब्लँडिंगला, चाळीसेक मैलांवर. गाडीचे तोंड रस्त्याकडे करून ठेवले. एवढे झाल्यावर मी गप्प बसलो, पण झोप कसली येते!

रात्री तीनच्या सुमारास एकदम शांत झाले. घरघर थांबली होती. मी ताडकन उठलो. अक्काच्या मुखवट्यातून हवा चालू होती; पेटीवर अजून निम्म्याहून अधिक वीज दिसत होती. बंद पडली होती ती गाडीची शेगडी. गाडी उबदार ठेवणारी ही शेगडी जळते गॅसवर, पण तिचा पंखा गाडीच्या बॅटरीवर चालतो, आणि पंख्याने रात्रभरात बॅटरी पिऊन टाकली होती. बाहेर पारा दोन-तीन अंशांवर. पार्कात खांबाची वीज होती म्हणून ही गोष्ट तीन रात्री आमच्या ध्यानातही आली नव्हती.

भाचा उठला. इंजिन चालू केले की बॅटरी भरते. त्याने किल्लीला हात घातला तेवढ्यात अक्का म्हणाली, “थांब रे जरा. आवाज नको करूस.” तिने मुखवटा काढला, अंगाभोवती दोन गोधड्या लपेटल्या आणि ती पायरीवरून खाली उतरली. आम्ही तिच्यामागून.

चंद्र अजून उगवायचा होता. सुळक्यांच्या जागी नुसता काळोख होता, आणि काळोखाच्या वर मृगाचे चारही खूर लखलखत होते. मागून व्याध, वर रोहिणी, कृत्तिकांचा पुंजका. हेच आकाश आमच्या अंगणावर असायचे. अक्काने नातीला एकेक नक्षत्र दाखवले. मुलीला त्यांची इंग्रजी नावे ठाऊक होती, ती तिने आजीला सांगितली. वीस-पंचवीस मिनिटे गेली असतील. मला घड्याळ पाहण्याचे धैर्य झाले नाही. मग अक्काच म्हणाली, “चल, गार झालं. आता लाव तुझं इंजिन.”

सकाळी चहा झाला. भाच्याने जागेभोवती फिरून कागदाचा कपटादेखील राहिला नाही ना ते पाहिले. सौभाग्यवतींनी एका वाटीभर पाण्यात तोंड धुऊन दाखवले आणि तिचा अभिमान दिवसभर मिरवला. सामान भरून होताच मी अक्काला विचारले, “काय, अजून एक रात्र राहायचं का?”

“नको बाई,” अक्का केसांवरून हात फिरवीत म्हणाली. “केसांत सगळी लाल माती झालीय. आज नळ असेल तिथं चला.”

डांबरी रस्त्याला लागून फोनला रेंज येताच भाच्याने मुकाट्याने फ्लॅगस्टाफच्या पार्कातली एक जागा राखून घेतली.