उजव्या लेनचं गणित

ताशी 57 किलोमीटरने चाललेल्या ट्रकला 60 ने येणारा ट्रक ओव्हरटेक करायला निघतो. वेगातला फरक सेकंदाला मीटरभरही नाही. दोघांची लांबी आणि मागचं-पुढचं सुरक्षित अंतर धरून साठेक मीटरची आघाडी घ्यायची, तर 72 सेकंद लागतात. तेवढ्यात ही जोडी 1.2 किलोमीटर जाते आणि दुभाजकाच्या या बाजूच्या दोन्ही लेन बंद! मागून कितीही डिपर मारा, उपयोग नसतो.

अशी कोंडी संगणकावर उभी करायची तर आधी रस्ता कापावा लागतो. 1992 मध्ये नागेल आणि श्रेकेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञांनी एका लेनचे साडेसात-साडेसात मीटरचे तुकडे पाडले. एका तुकड्यात एकच गाडी. चालक अधूनमधून उगाचच वेग कमी करतो, एवढं गृहीत धरलं तरी पडद्यावर कारणाविना कोंडी होते. पण पुणे-सातारा महामार्गावर तेवढ्या जागेत दोन मोटरसायकली शेजारी-शेजारी चालतात, आणि मोठा ट्रक त्यात मावतच नाही. म्हणून मिश्र वाहतुकीच्या प्रारूपांत रस्ता रुंदीतही बारीक पट्ट्यांत कापतात, आणि वेग वाढला की दोन गाड्यांमधलं आडवं अंतरही वाढवतात.

लेन बदलायची कधी, यासाठी 2007 मध्ये केस्टिंग, ट्रायबर आणि हेल्बिंग यांनी ‘मोबिल’ हे प्रारूप मांडलं. लेन बदलून माझा फायदा किती, इतरांचा तोटा किती, हे त्यात तोलतात. इतरांच्या तोट्याला सौजन्याच्या आकड्याने गुणायचं. निव्वळ स्वार्थी चालकाचा आकडा शून्य. आपल्याकडे तो शून्य धरला की काम झालं, असं कुणीही म्हणेल. मला ते पटत नाही. त्याच प्रारूपात कडेच्या लेनकडे ओढणारी वेगळी संख्याही घालता येते, आणि आपली खरी गोम तिथे आहे. डाव्या लेनमध्ये टायर बदलत थांबलेला ट्रक, ढाब्यातून बाहेर पडणारी जीप, राँग साइडने येणारी मोटरसायकल. यांच्यामुळे ही ओढ इथे उलटी, उजवीकडे लागते. सौजन्य कितीही असो. मग उजवीकडे कुणी रेंगाळला की मागचे डावीकडून कट मारून निघतात. त्या भरधाव गाड्या आरशात दिसल्यावर रेंगाळणाऱ्याला डावीकडे यायचं असलं, तरी फट मिळत नाही.