दुपटीनं परतणारं बी

वालाच्या शेंगा वेलावरच वाळू द्यायच्या. सोलल्यावर किडके, सुरकुतलेले दाणे वेचून काढायचे. उरलेल्यांना कडक ऊन दाखवायचं, चुलीतली चाळलेली राख चोळायची आणि मडक्यात भरून वर कडुलिंबाचा पाला घालायचा. मडक्याचं तोंड शेणामातीनं लिंपलं की काम झालं. राख ओल शोषते आणि भुंग्याच्या अंगावरचं मेणचट आवरण खरवडते. भुंगा सुकून मरतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, कोंभाळणे गावी, राहीबाई सोमा पोपेरे यांनी अशाच घरगुती रीतींनी गावरान वाण जपले. महादेव कोळी समाजातल्या राहीबाई शाळेत गेल्या नाहीत. घरातला नातू आजारी पडला, तेव्हा त्यांचा संशय फवारणीच्या भाज्यांवर गेला आणि त्या जुनं बियाणं शोधू लागल्या. बायफ संस्थेची साथ मिळाली, बचतगटातल्या बाया जोडल्या गेल्या आणि कळसूबाई परिसर बियाणे संवर्धन समिती उभी राहिली. 2020 मध्ये राहीबाईंना पद्मश्री जाहीर झाली.

या बियाणे बँकेचा कणा आहे एक साधा नियम : बी न्या, पिकवा आणि दुप्पट परत करा. त्यात पैशाचा व्यवहार नाही. एकीचं पीक पावसानं गेलं, तरी तेच वाण दुसरीच्या परसात उभं असतं. संकरित बियाण्याचं पुढच्या पिढीतलं पीक एकसारखं येत नाही, म्हणून शेतकऱ्याला दरवर्षी दुकान गाठावं लागतं. गावरान वाल-घेवड्याचं फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागानं फळतं. त्यामुळे चांगल्या वेलाचं बी ठेवलं की पुढच्या वर्षीही तोच गुण मिळतो.

बियाणं जपण्याची दुसरी तऱ्हाही आहे. नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात 2008 पासून जगभरचं बियाणं उणे 18 अंशांवर ठेवलं जातं. तिथं ते वर्षानुवर्षं निजून राहू शकतं. मडक्यातल्या बियाण्याला ती सवलत नाही. दोन-चार पावसाळे गेले की उगवण घटत जाते, म्हणून ते वेळेत मातीत जावंच लागतं. याच गरजेपोटी बाया एकमेकींच्या परसात जातात. कोणता वेल मांडवावर चढवायचा, कोणत्या वालाला जास्त उकळी लागते, बाळंतिणीला कोणती पालेभाजी द्यायची, हे ज्ञानही बियाण्याबरोबर घरोघरी पोचतं. ते कुठल्याही पाकिटावर छापलेलं नसतं.

म्हणून मला ही बियाण्यांची बँक मडक्यांपेक्षा माणसांची वाटते. आपल्या कुंडीतली तुळस, गवती चहा, ओव्याचं रोप आपण सहसा एकट्यानंच वाढवतो. तुळशीच्या मंजिऱ्या वाळल्या की चिमूटभर बी कागदात बांधून शेजारी द्यावं. पुढच्या वर्षी आपली तुळस वाळलीच, तर रोप मागायला एक दार असेल.