प्रवाळ नव्या घरीं कसें रुजतें

ऐरोलीच्या पुलावरून खाडी ओलांडतांना दृष्टीस पडतो तो चिखल, कांदळवन, आणि थंडीच्या दिवसांत रोहित पक्ष्यांचे थवे. ह्या चिखलांत प्रवाळ शोधूं जाणें व्यर्थ आहे, कारण त्याच्या पिलांस पाय रोंवावयास कठीण खडक लागतो. त्यामुळें आमच्याकडील बहुतेक मुलांची प्रवाळाशीं ओळख असते ती आजीच्या अंगठींतील पोवळ्यापुरती. अलीकडे मात्र ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील कांहीं हौशी घरांतून खाऱ्या पाण्याच्या कांचेच्या टांक्या आढळतात, आणि "सर, आणलेलें प्रवाळ चार दिवसांत मिटून कां जातें?" असा प्रश्न वर्गांत येतो. त्याचें उत्तर आम्ही येथें देत आहों.

प्रवाळ वनस्पती नव्हे आणि दगडहि नव्हे. तो लहान लहान प्राण्यांचा समुदाय होय. एकेक प्राणी पोकळ नळीसारखा असून त्याच्या तोंडाभोंवतीं शुंडांचा फेर असतो. त्यास 'प्रवाळकीटक' म्हणण्याची आपल्याकडे चाल आहे. परंतु कीटकाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं, तो जेलीफिशचा भाऊबंद आहे. टांकींत पाळल्या जाणाऱ्या बहुतेक प्रवाळांच्या अंगांत सूक्ष्म एकपेशीय शैवाल वस्ती करून असतें. तें प्रकाशांत अन्न तयार करून यजमानास देतें, आणि यजमान त्यास आसरा देतो. पाणी फार तापलें, किंवा प्रकाश एकाएकीं वाढला, कीं हा करार मोडतो. शैवाल बाहेर टाकलें जातें व प्रवाळ पांढरें फटक पडतें. तें त्या क्षणीं मेलेलें नसतें, उपाशी असतें. नवें प्रवाळ घरीं आणतांना जी काळजी घ्यावयाची, ती मुख्यतः हा करार मोडूं नये म्हणून.

परंतु टांकीच्या आधीं कायदा पाहिला पाहिजे, आणि येथें आम्ही पालकांस विशेष विनंति करतों. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत २००१ सालीं सर्व खडक बांधणारीं कठीण प्रवाळें, काळें प्रवाळ व समुद्रपंखे ह्यांचा समावेश झाला. म्हणजे वाघास जें संरक्षण तेंच ह्यांस. सहलीहून पिशवींत घालून आणलेला पांढरा सांगाडासुद्धां घरांत ठेवतां येत नाहीं. कांहीं घरांत 'इंद्रजाल' म्हणून चौकटींत जें काळें झाडोरें शुभ समजून लावतात, तेंहि बहुधा काळें प्रवाळ किंवा समुद्रपंखाच असतें. त्याच्या पायीं शुभ तर दूरच, तुरुंगाची पायरी मात्र जवळ येते. घरच्या टांकींत विचार करावयाचा तो ह्या यादीबाहेरील मऊ प्रवाळांचा, आणि तेंहि पक्की पावती घेऊन.

कठीण प्रवाळ हलविण्याची वेळ सरकारावरहि येते. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाच्या कामांत वरळी व हाजी अली येथील खडकांवर प्रवाळांच्या लहान वसाहती आढळल्या. गढूळ पाणी सोसणाऱ्या ज्या थोड्या जाति आहेत, त्यांपैकीं ह्या. वनखात्याची रीतसर परवानगी घेऊन, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखालीं, २०२० सालीं त्या उचलून दुसरीकडे बसविण्यांत आल्या. त्यांतील कांहीं कुलाब्याच्या किनाऱ्यावर नेल्या. अशा कामीं नवा खडक सुंदर आहे कीं नाहीं हें कोणी पाहत नाहीं. जुन्या जागीं पाणी जितकें खोल, जितकें गढूळ, लाटांचा मार जितका, तितकाच नव्या जागीं आहे ना, हें पाहावें लागतें.

कांचेच्या टांकींतहि नियम हाच. प्रथम टांकी जुनी व्हावी लागते. माशांच्या मलमूत्रांतून निघणारा अमोनिया पचविणारे जंतु वाळूंत व दगडांत वाढावयास चार ते सहा आठवडे लागतात, आणि प्रवाळासाठीं त्याहूनहि कांहीं महिने अधिक थांबलेलें बरें. पाणी खाडीचें नको, तें गाळानें व सांडपाण्यानें भरलेलें असतें. नळाचेंहि नको, कारण त्यांत क्लोरीन असतो. गाळणयंत्रांतून शुद्ध केलेल्या पाण्यांत, लिटरास सुमारें ३५ ग्रॅम ह्या प्रमाणांत, तयार समुद्री मीठ विरघळवावें. स्वयंपाकाचें मीठ चालत नाहीं. उष्णता २५ ते २७ अंश. वैशाखांत आमच्याकडे ही गोष्ट सोपी नाहीं. ज्यांस पाणी थंड ठेवण्याचें यंत्र परवडत नाहीं, त्यांनीं प्रवाळाचा मोह सोडावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. वीज गेली असतां हवेचा पंप विजेरीवर चालेल अशी तजवीजहि हवी.

प्रवाळ घरीं आणल्यावर बंद पिशवी पंधरावीस मिनिटें टांकींत तरंगत ठेवावी, म्हणजे उष्णता सारखी होते. मग प्रवाळ एका भांड्यांत घेऊन बारीक नळीनें टांकींतील पाणी त्यांत थेंब थेंब, तासभर सोडावें. दुकानचें पाणी टांकींत ओतूं नये. औषधी पाण्यांत थोडा वेळ बुडवून बारीक कृमि व त्यांचीं अंडीं आहेत कीं काय, तें भिंगानें पाहावें. त्यानंतर जागा द्यावयाची ती तळाशीं, मंद उजेडांत; वर चढवावयाचें तें आठवड्या-दोन आठवड्यांनीं, थोडें थोडें.

एक धोका सांगितलाच पाहिजे. बटणांच्या गुच्छासारखीं जीं झोअँथिड दिसतात, त्यांच्या कांहीं जातींत पॅलिटॉक्सिन नांवाचें अत्यंत जहाल विष असतें. तसा दगड उकळत्या पाण्यांत घालणें किंवा घासणें प्राणावर बेतूं शकतें. मुलांनीं त्यास हात लावूं नये; मोठ्यांनीं हातमोजे व चष्मा घालूनच लावावा.

डोंबिवलीस आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें छत्रीच्या आकाराचें, चामड्यासारखें मऊ प्रवाळ आणलें. दुसऱ्या दिवशीं तें आक्रसलें व त्यावर मेणचट साय धरली. विद्यार्थी घाबरला. त्यानें तें एकदां उजेडांत, एकदां प्रवाहांत, असें तीन दिवसांत चार वेळां हलविलें. मातुःश्री म्हणाल्या, "अरे, मेलंय ते. घाण सुटायच्या आत टाकून दे बघू." सायंकाळीं आम्ही सहज गेलों, तों तें ताटलींत काढण्याच्या बेतांत होता. नाकाजवळ धरून पाहिलें. कुजल्याचा वास नव्हता. ह्या जातीचें प्रवाळ मधून मधून अंगावरील पापुद्रा टाकतें, आणि नव्या जागीं तर टाकतेंच. मेलेलें प्रवाळ मऊ पडून विरघळूं लागतें व त्यास दुर्गंधि येते. आम्हीं तें मध्यम प्रवाहांत ठेवविलें व कोणीं हात लावावयाचा नाहीं असें बजावलें. नवव्या दिवशीं सकाळीं साय एका बाजूनें सुटून पाण्यांत हालूं लागली, आणि दुपारपर्यंत छत्रीवर शेंकडों इवले हात पसरले.

आतां तें बशीएवढें झालें आहे, आणि टांकीची कांच पुसण्याचें काम मातुःश्रींनीं आपल्याकडे घेतलें आहे.