सकाळी पहिलं पाऊल टेकताच टाच दुखते? लगेच 'हाड वाढलं' समजू नका

धाराशिव : फजरला उठून पहिलं पाऊल जमिनीवर ठेवलं की टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ येते. थोडं चाललं की बरं वाटतं. बसून उठलं की पुन्हा तेच. अशा दुखण्याचं सर्वात सामान्य कारण 'प्लांटर फॅसायटिस' हे असतं.

टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळपायात एक चिवट पट्टा असतो. तो पायाची कमान धरून ठेवतो. सतत ताण पडला की टाचेजवळ तो झिजतो. रात्री हा पट्टा आखडतो आणि सकाळी अंगाचा भार पडताच एकदम ताणला जातो. म्हणून पहिलं पाऊल जास्त दुखतं.

हा त्रास कोणाला होतो?
४० ते ६० वयात हे दुखणं जास्त दिसतं. वजन वाढलेले, दिवसभर दुकानात उभे राहणारे, शहाबादी फरशीवर अनवाणी काम करणाऱ्या महिला आणि झिजलेली चप्पल वापरणारे यांना धोका जास्त.

एक्स-रेमध्ये टाचेला काटा दिसला की लोक घाबरतात. पण असा काटा काहीही न दुखणाऱ्या अनेकांच्या पायातही असतो.

काय करावं?
• अंथरुणातून उतरण्याआधी पायाची बोटं हाताने स्वतःकडे ओढा. १० सेकंद धरा, १० वेळा करा. दिवसातून तीनदा.
• भिंतीला हात टेकून पोटरी ताणा.
• बर्फ झालेली पाण्याची बाटली तळपायाखाली १० मिनिटं फिरवा.
• घरातही मऊ, कमानीला आधार देणारी चप्पल घाला.

घाई करू नका. बहुतेक लोक ऑपरेशनशिवाय बरे होतात, पण ६ ते १२ महिने लागू शकतात.

हे टाळा
मेडिकलवरून रोज वेदनाशामक गोळ्या आणून खाऊ नका. पोट आणि किडनीला त्रास होतो. शुगर असेल तर रुईचं पान ठेवून गरम विटेचा शेक घेऊ नका, बर्फही लावू नका. पाय बधिर असेल तर भाजलेलं कळत नाही आणि जखम चिघळते.

टाच सुजली, लाल झाली, ताप आला, मुंग्या येतात, किंवा तरुण वयात दोन्ही टाचांसोबत सकाळी कंबरही आखडते, तर कारण वेगळं असू शकतं. अशा वेळी थेट हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.