मिरचीचे बी : आधी परीक्षा, मग पेरणी

शाळेच्या बागेत मिरचीचे बी पेरले आणि आठ दिवसांत वाफा हिरवा झाला नाही, की मुले निराश होतात. बी खोटे निघाले, असे कोणी म्हणतो. पेरणाऱ्यास हातगुण नाही, असेही कोणी म्हणतो. ज्याने पेरले ते मूल मनातून खट्टू होते. वस्तुतः दोष बियाण्याचा की पेरणीचा, हे एका रिकाम्या वाफ्यावरून ठरत नाही. ते ठरविण्याची साधी व खात्रीची रीत शिक्षकांस अवगत असणे अगत्याचे आहे; कारण शाळेत शिकलेली गोष्ट मुलाबरोबर घरी जाते, आणि घरच्या शेतीत रोप साधले नाही तर हंगाम हुकतो.

बी उगवण्यास ओलावा, ऊब व हवा ह्या तिन्ही गोष्टी लागतात. मिरचीस ऊब विशेष लागते. २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात ती चांगली उगवते. १५ अंशांखाली उगवण फार मंदावते. शिवाय मिरची मुळातच सावकाश उगवणारी आहे. मेथी तीन-चार दिवसांत वर येते, तर मिरचीस एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून आठव्या दिवशी वाफा उकरून पाहू नये.

मिरची उगविण्याच्या तीन रीती प्रचारात आहेत : कोरडे बी पेरणे, रात्रभर भिजवून पेरणे आणि ओल्या फडक्यात मोड आणून लावणे. भिजविल्याने बी पाणी लवकर शोषते. परंतु फार वेळ पाण्यात बुडून राहिल्यास त्यास हवा मिळत नाही व ते कुजते. फडक्यात मोड स्पष्ट दिसतात. मात्र उचलून लावताना कोवळे मूळ सहज तुटते. यास्तव परीक्षेसाठी फडके आणि रोपांसाठी वाफा, अशी वाटणी करणे श्रेयस्कर होय.

परीक्षेसाठी १०० बिया न निवडता मोजून घ्याव्या. ओल्या सुती फडक्यावर त्या सुट्या मांडून सैल गुंडाळी करावी व ती उबदार जागी ठेवावी. फडके ओलसर असावे. पाणी निथळू नये. सातव्या व चौदाव्या दिवशी मोड आलेल्या बिया मोजाव्या. भारतात प्रमाणित मिरची बियाण्यास किमान शेकडा ६० उगवण आवश्यक धरली आहे. उगवण ह्याहून बरीच कमी आढळल्यास बी बदलावे. फडक्यात चांगले उगवलेले बी वाफ्यात उगवले नाही, तर मात्र पेरणीची खोली, पाणी, थंडी व मुंग्या ह्यांकडे लक्ष द्यावे.

पेरणीसाठी सुमारे १५ सेंटिमीटर उंचीचा गादीवाफा करून त्यात कुजलेले शेणखत मिसळावे. दहा-दहा सेंटिमीटर अंतरावर रेघा ओढून बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल पेरावे, वर पेंढा पसरावा व झारीने पाणी द्यावे. अंकुर दिसताच पेंढा काढावा. पाणी साचल्यास रोपे बुडाशी कुजून कोलमडतात.

विकतच्या पुडीतील रंगीत बियाण्यास बहुधा विषारी औषध लावलेले असते. ते मुलांच्या हाती देऊ नये. मुलांसाठी घरच्या पूर्ण पिकलेल्या मिरचीचे बी घ्यावे आणि ते हाताळल्यावर हात धुण्यास सांगावे. मिरची संकरित वाणाची असल्यास तिच्या बियांची रोपे मूळ वाणासारखीच निघतील असे नाही.

ह्या उपक्रमात गणिताचा पाठही साधतो. उगवण शेकडा ६० असेल आणि ३० रोपे हवी असतील, तर ५० बिया लागतील. काही रोपे मरतात हे धरून आणखी दहा-पंधरा पेराव्या. पेरणीची तारीख, बियांची संख्या व रोज दिसलेले अंकुर मुलांनी वहीत नोंदवावे. पुढच्या वर्षी ही वहीच नव्या मुलांस बी कोणते व किती घ्यावे ते सांगेल.