अभ्यासाच्या वेशातली भूल

पीएच.डी. करणाऱ्याला ‘कुठवर आलंय?’ म्हणून विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, ‘वाचन चाललंय.’ ते खोटंही नसतं. लॅपटॉपमध्ये पीडीएफचा ढीग असतो, ‘शोधगंगा’वरून उतरवलेले इतरांचे प्रबंध असतात, वह्या भरलेल्या असतात. फक्त पहिलं प्रकरण तेवढं नसतं. लक्ष लागत नाही म्हणून आपण मोबाइलला बोल लावतो. पण प्रबंधावरून मन उडवणारी खरी भूल अभ्यासाच्याच वेशात येते.

समजा, विषय आहे पुण्याची हुजूरपागा. शाळा १८८४ची. तिथल्या अभ्यासक्रमावर टिळकांनी टीका केली होती, म्हणून संशोधक विद्यार्थिनी ‘केसरी’च्या जुन्या फायली घेऊन बसते. शाळेचा उल्लेख शोधता शोधता १८९७ उजाडतं. प्लेग, घरझडत्या, छावण्या आणि २२ जूनच्या रात्री प्लेग अधिकारी रँडवर झाडलेली गोळी. इथून कुणाचा पाय निघेल? संध्याकाळी वही भरलेली असते, शाळेबद्दल त्यात एक ओळ नसते. वर आज भरपूर काम झालं, हे समाधान!

याचं मूळ आळसात नाही, सैल विषयात आहे. उंबेर्तो एको या इटालियन लेखकानं १९७७मध्ये प्रबंध कसा लिहावा यावर विद्यार्थ्यांसाठी पुस्तक लिहिलं. विषय आवळून घ्या, आणि शीर्षक, प्रस्तावना, अनुक्रमणिका सुरुवातीलाच लिहा, मग हवी तेवढी बदला, असं तो त्यात सांगतो. आपल्याकडे सिनॉप्सिस असतो, पण मंजूर झाला की फायलीत जातो. त्यातलं एकेक प्रकरण प्रश्नाच्या रूपात लिहून टेबलासमोर चिकटवावं. ‘या शाळेत मुली पाठवणारी घरं कोणती?’ असा प्रश्न डोळ्यांसमोर असला की रँड आपसूक बाहेर राहतो. फारच मोह झाला तर तारीख आणि पान वेगळ्या वहीत टिपून पुढे जावं. व्हायव्हा झाल्यावर तोच स्वतंत्र लेख होतो.

पंचवीस मिनिटांचा गजर लावून बसायची पोमोदोरो पद्धत बैठक जमवायला बरी. बसून काय करायचं, हे ती सांगत नाही.

शिवाय आपल्याकडचे कितीतरी संशोधक कॉलेजात शिकवतात. पेपर तपासणी, नॅकच्या फायली यांतून उरलेला तास प्रबंधाचा. एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की मन पहिल्यातच घुटमळतं, असं संशोधक सोफी लेरॉय यांच्या २००९च्या अभ्यासात दिसलं. म्हणून उठण्याआधी एक ओळ खरडून ठेवावी: ‘उद्या – फीचा तक्ता, मग तिसरा परिच्छेद.’ दुसऱ्या दिवशी निम्मा तास ‘कुठं होतो आपण?’ यात जात नाही.

यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन, कमाल सहा वर्षं. दर सहा महिन्यांनी समितीसमोर प्रगती मांडायची. बहुतेकांना हा जाच वाटतो. माझ्या मते सहा महिने फार लांब आहेत. गाइडनं दर महिन्याला पानं मागावीत, कच्ची, खाडाखोडीची चालतील, आणि चौथं प्रकरण पहिल्याआधी आलं तरी हरकत घेऊ नये.