सोनं जिथे थांबतं

वर्ख लावायला घेतला की आधी पंखा बंद करायचा, मग खिडक्या. खऱ्या सोन्याचं पान श्वासानेसुद्धा उडतं. पंचवीस पानांची छोटी वही मिळते, एकेक पान जेमतेम आठ सेंटिमीटरचं. त्याला बोट लावायचं नाही, लावलं तर ते बोटावरच राहतं. पसरट, मऊ कुंचला स्वतःच्या गालावरून फिरवायचा. त्वचेचा किंचित तेलकटपणा केसांना लागतो आणि तेवढ्यावर पान उचललं जातं. कागदावर साइझ, म्हणजे वर्ख धरून ठेवणारा चिकट द्रव, आधीच लावून ठेवलेला असतो. लावताना तो दुधासारखा दिसतो, हळूहळू पारदर्शक होतो. बोट टेकवल्यावर चिकटतो पण बोटाला लागत नाही, तेव्हा वर्ख ठेवायचा. ती वेळ चुकली की सोनं धरत नाही.

बायकांची अलंकारिक व्यक्तिचित्रं मी अशी करते: चेहरा, गळा, हात जलरंगात, वस्त्र आणि पार्श्वभूमी सपाट नक्षीत आणि वर्खात. ही वाट मला गुस्ताव क्लिम्टच्या चित्रांत सापडली. व्हिएन्नाच्या या चित्रकाराचे वडील सोन्यावर कोरीवकाम करायचे. १९०३मध्ये त्याने इटलीत राव्हेन्नाची मोझेइक पाहिली आणि १९०७मध्ये आडेले ब्लॉख-बाउअरचं चित्र पुरं केलं. १३८ सेंटिमीटरचा चौरस, त्यात बहुतेक सगळीकडे सोनं. माणूस म्हणून दिसतात ते चेहरा, खांदे आणि एकमेकांत अवघडून गुंतवलेले हात. तिच्या एका बोटात व्यंग होतं आणि ते झाकायला हात तसे धरलेत, असं सांगतात.

सोन्याने त्या बाईला गिळून टाकलं, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते अजिबात पटत नाही. ओलावलेले डोळे आणि झुकलेली मान काढली की बाईचं हळवेपण आलं, असं समजणारी चित्रं आपण ढिगाने पाहतो. त्यांत ती बाई कोण, हे कळतच नाही. क्लिम्टच्या चित्रात नक्षी संपते आणि कातडी सुरू होते, त्या कडेवर आडेले उघडी पडते. दागिन्यांचं सगळं बळ तिच्या मागे उभं आहे आणि चेहऱ्याला मात्र कसलाच आधार नाही. आपल्याकडेही राजा रविवर्म्यांच्या छापील लक्ष्मी-सरस्वतींवर जरी, टिकल्या, कापड चिकटवून त्या सजवल्या जात. अशा ज्या तसबिरी मी पाहिल्या, त्यांत चेहरा आणि हात मोकळेच सोडलेले होते. सजवणाऱ्याला ती कड नेमकी ठाऊक होती.

आपल्या वर्णाला क्लिम्टची युक्ती जशीच्या तशी चालत नाही. आडेले फिकट गोरी, त्यामुळे सोन्यापासून आपोआप वेगळी होते. गव्हाळ किंवा सावळी कातडी सोन्याच्या जवळच्याच रंगाची. दोन्ही शेजारी आली की मिसळून जातात. म्हणून वर्ख आधी आणि कातडी नंतर. सोनं लागल्याशिवाय गालाचा रंग किती गडद हवा ते समजत नाही, शिवाय एका बाजूने उजळ दिसणारं सोनं दुसरीकडून काळसर दिसतं. यलो ऑकर आणि लाइट रेडचे पातळ हात एकावर एक द्यायचे आणि कडेच्या सावलीत थोडा हिरवट निळा घालायचा. त्या थंडाव्याने गाल सोन्यातून सुटून पुढे येतो.

गेल्या खेपेला शेजारच्या मावशी बसल्या होत्या, नारळी काठाची पैठणी नेसून. चेहऱ्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. हात मात्र सारखे पदराखाली जायचे. "हात नको गं काढूस. भाकऱ्या थापून थापून बघ कसे झालेत." बोटांचे सांधे सुजलेले होते. "राहू देत पदराखाली," मी म्हटलं. कुणाची दुखरी जागा चित्रात यावी हे ठरवायचा हक्क समोर बसलेल्या बाईचा आहे, चित्रकाराचा नाही, असं मी मानते.

पदराची नक्षी भरत आली तेव्हा त्यांनीच विचारलं, "पाटल्या नाही का दिसणार?"

"पाटल्या दिसल्या तर हातही दिसतील, मावशी."

त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग एक हात काढून मांडीवर ठेवला. "दिसू दे. आहेत तसे आहेत."

जलरंगात हाताची परीक्षा असते. सावळाराम हळदणकरांचं दिवा घेतलेल्या बाईचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. ज्योतीवर आडव्या धरलेल्या हाताची बोटं आतून तांबूस उजळलेली दिसतात. तो उजेड पारदर्शक रंगाखालच्या कागदाचा. मावशींच्या काठाला मी पितळी वर्ख लावला होता. तो स्वस्त पडतो, पण वार्निश दिलं नाही तर काळा पडतो. पाटल्यांसाठी मात्र वहीतलं खरं पान काढलं. सांध्यांवरच्या उजेडाला पांढरा रंग वापरला नाही. भोवती लाइट रेडची सावली दिली आणि तेवढा कागद कोरा ठेवला.